22 महिने आणि रिकाम्या चौकटी : दुर्गा भागवतांवरच्या एका विद्यार्थी प्रकल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कला महाविद्यालयात घडलेली ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून गावाचं, संस्थेचं आणि माणसांची नावं गाळली आहेत, काही तपशील बदलले आहेत.

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला एक मोठा प्रकल्प करावा लागतो. जानेवारी 2025 मध्ये वर्गाला विषय मिळाला : सत्तेला नकार देणारा एक मराठी लेखक निवडा आणि त्याला आजच्या माणसासमोर आणा. सात जणांच्या एका गटासाठी मी बाहेरची मार्गदर्शक होते. रोजचं काम तासिका तत्त्वावर शिकवणारे एक तरुण सर बघायचे.

चार नावं पुढे आली : ताराबाई शिंदे, अण्णा भाऊ साठे, नामदेव ढसाळ आणि दुर्गा भागवत. ढसाळांचं नाव सुचवणारा मुलगा जिल्ह्याच्या गावातल्या एका वस्तीत वाढलेला. दुर्गाबाईंचं नाव सुचवणारी मुलगी कराड तालुक्यातली. 1975 मध्ये कराडला साहित्य संमेलन झालं तेव्हा तिचे आजोबा मांडवात बसलेले होते, एवढं तिला घरातून ऐकून माहीत होतं. त्यापलीकडे काही नाही.

बाकीच्यांना तेवढंही माहीत नव्हतं, म्हणून आधी वाचन झालं. देशात 25 जून 1975 पासून आणीबाणी होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला होता. कराडच्या संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई होत्या आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण. सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण स्थानबद्धतेत आजारी पडून मुंबईच्या जसलोकमध्ये होते. त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करू या, असं दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून सांगितलं आणि लेखनस्वातंत्र्यावरच्या बंधनांविरुद्ध उघड बोलल्या. 1976 मध्ये त्यांना मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात अटक झाली आणि आर्थर रोड तुरुंगात ठेवलं गेलं. पुढे त्यांनी सरकारी मानसन्मान घेतले नाहीत, पद्मश्रीही नाकारली.

गटाने दुर्गाबाई निवडल्या. ढसाळांच्या बाजूचा मुलगा तयार झाला, पण एक गोष्ट नोंदवून ठेवा म्हणाला. आणीबाणीत ढसाळांनी इंदिरा गांधींना पाठिंबा दिला होता, हे त्याने स्वतःच सांगितलं. मग म्हणाला, "आमच्या वस्तीत 25 जूनला काही सुरू झालं नाही आणि पुढे काही संपलंही नाही. पोलीस तेव्हाही यायचे, आताही येतात." हे वाक्य सरांनी फळ्यावर लिहिलं आणि पुसू दिलं नाही. पुढच्या कामाला त्याचा फार उपयोग झाला.

पहिली रफ स्केचेस

फेब्रुवारीत पहिली रफ टेबलावर आली. आवळलेली मूठ, तोंडावर काळी पट्टी, काटेरी तार, पिंजऱ्यातून उडणारा पक्षी. रंग लाल आणि काळा. हात सगळ्यांचे चांगले होते, अक्षरांची मांडणी देखणी होती. पण दुर्गाबाईंच्या जागी जगातल्या कुठल्याही बंडखोराचं नाव घातलं असतं तरी एकही रेघ बदलावी लागली नसती. मला यात मुलांचा दोष दिसत नाही. निषेधाची चित्रं म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर रोज हेच येतं.

खरा पेच पुढे होता. गटातल्या तिघी 'ऋतुचक्र' वाचत होत्या. 1956 सालचं हे पुस्तक मराठी महिन्यांच्या क्रमाने झाडं, फुलं, पानगळ आणि पालवी बघत जातं. तिघींना पुस्तक फार आवडलं आणि त्याच कारणाने त्या अडल्या. एकीने विचारलं, "मॅडम, आम्ही कुठल्या दुर्गाबाई घ्यायच्या? झाडं बघणाऱ्या की तुरुंगात गेलेल्या?"

या प्रश्नावर दोन आठवडे गेले, आणि ते जायलाच हवे होते. दुर्गाबाईंनी अमेरिकन लेखक थोरोच्या 'वॉल्डन' या पुस्तकाचा मराठी अनुवाद केला होता, हे वाचताना कळलं. तळ्याकाठी राहून ऋतू टिपणारा थोरो अन्यायी सरकारला कर देणार नाही म्हणून एक रात्र कोठडीत राहिला होता. बौद्धांच्या प्राचीन न्यायव्यवस्थेवरचा दुर्गाबाईंचा इंग्रजी ग्रंथ 1939 सालचा. लोकसाहित्याचा अभ्यास आयुष्यभराचा. म्हणजे जे समोर आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मुळाशी जायचं आणि जसं दिसलं तसं मांडायचं, ही सवय कराडच्या कितीतरी आधीची होती. चैत्रातली पालवी कशी दिसते हे दुसऱ्याच्या सांगण्यावरून न लिहिणारी बाई, देशात सगळं शिस्तीत चाललंय हे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानणार नव्हती. गटाला हे पटलं तेव्हा मुठी आणि तारा आपोआप मागे पडल्या.

कॅलेंडर

कल्पना ज्या मुलीला सुचली ती पंचांग घेऊन आली होती. आणीबाणी 25 जून 1975 ला लागू झाली आणि 21 मार्च 1977 ला उठली. इंग्रजी हिशोबाने सुमारे 21 महिने. मराठी हिशोबाने ज्येष्ठाच्या वद्य पक्षात सुरुवात आणि चैत्र लागता लागता शेवट : शके 1897 चा ज्येष्ठ ते शके 1898 चा फाल्गुन, असे 22 महिने. घराघरात भिंतीवर टांगलेलं असतं तसं कॅलेंडर करायचं ठरलं. दर महिन्याचं एक पान. वर त्या महिन्यातलं झाड, लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमच्या ब्लॉकवर कापून छापलेलं. खाली तारखांच्या चौकटी. काही चौकटींत वाचनालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांतून घेतलेली त्या दिवसाची एखादी ओळ, आणि बाकी चौकटी कोऱ्या.

कोऱ्या चौकटींमागे एक वस्तुस्थिती होती. सेन्सॉरशिप लागू होताच काही वर्तमानपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. मग सरकारी सूचनांमध्ये अग्रलेखाची जागा कोरी ठेवायलाही मनाई झाली. थोरांची अवतरणं देऊन ती भरणंही चालत नव्हतं. रिकामी जागासुद्धा बोलते, हे सेन्सॉरला कळलं होतं.

गावातल्या नगर वाचनालयात जुन्या अंकांचे बांधीव खंड आहेत. दोघं जण तिथे रोज दुपारी बसू लागले. सरकारचा वीस कलमी कार्यक्रम, 'अनुशासन पर्व' हे आणीबाणीचं गौरवाने घेतलेलं नाव, गाड्या वेळेवर धावतात. महिनेच्या महिने तेच. एक जण वैतागून म्हणाला की यात काहीच सापडत नाही. ग्रंथपाल म्हणाले, "तेच लिहून घे की." त्याने ते शब्दशः घेतलं आणि कुठल्या आठवड्यात काय छापून आलं नाही याचे तक्ते केले. या प्रकल्पातलं सगळ्यात चिवट काम मला तेच वाटतं.

चित्रांसाठी गटाने स्वतःच नियम घातला : स्वतः उभं राहून पाहिलेलंच झाड लिनोवर कापायचं, इंटरनेटवरचा फोटो चालणार नाही. काम माघात सुरू झालं होतं. माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ एवढेच महिने त्यांना बघायला मिळणार होते. श्रावण-भाद्रपद कुठून आणायचे? फोटोवरून करावं असं तिघांचं मत होतं. शेवटी न पाहिलेल्या महिन्यांच्या पानांवर चित्र द्यायचं नाही असं ठरलं. तिथे महाविद्यालयाचा माळी, एक शेतकरी आजी, एक टपाल वाटणारे काका यांना विचारून त्यांच्या तोंडचं वर्णन अक्षरांत छापायचं. 8 पानं चित्रांची झाली आणि 14 शब्दांची. मांडणीच्या दृष्टीने हे बेढब होतं आणि प्रकल्प तपासणाऱ्या ज्युरींपैकी एकांनी ते बोलूनही दाखवलं. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

फाल्गुनाचा पळस ज्या मुलीने कापला तिने पहिल्या प्रूफला सगळं फूल केशरी घेतलं होतं. मग ती पुन्हा झाडाखाली गेली. पळसाच्या फुलाचा देठाकडचा पेला काळपट, मखमली असतो आणि केशरी त्यातून बाहेर पडतं. तिने दुसरा ब्लॉक कापला, काळा आधी छापला आणि केशरी त्यावर किंचित सरकवून घेतलं. त्या एका पानापाशी लोक सगळ्यात जास्त वेळ थांबले.

अवतरणांचा प्रश्न

भिंतीवर दुर्गाबाईंची वाक्यं हवीत असा सगळ्यांचा आग्रह होता. दोन अडचणी होत्या. पहिली, समाजमाध्यमांवर त्यांच्या नावाने फिरणारी वाक्यं. गटाने जमवलेल्या वाक्यांपैकी जी हातातल्या पुस्तकांत सापडली नाहीत ती बाद केली. त्यात सगळ्यात टाळ्या घेणारी वाक्यं गेली. दुसरी अडचण हक्कांची. दुर्गाबाईंचं निधन 7 मे 2002 चं. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, म्हणजे त्यांचं लेखन 2062 अखेरपर्यंत संरक्षित आहे. समीक्षेसाठी चार ओळी उद्धृत करणं वेगळं आणि परिच्छेदच्या परिच्छेद छापून विकायचं कॅलेंडर करणं वेगळं. परवानगीची पत्रं एप्रिलमध्ये गेली, उत्तर वेळेत आलं नाही. म्हणून मोठे उतारे वगळले. पुस्तकंच टेबलावर ठेवायची, ज्याला वाचायचं त्याने बसून वाचावं, असं ठरलं.

पैसे, तारीख आणि अट

मे महिन्यात ज्युरी झाली, गुण चांगले मिळाले. त्यानंतर व्यवस्थापनाने प्रस्ताव ठेवला. 2024 मध्ये केंद्र सरकारने 25 जून हा 'संविधान हत्या दिवस' म्हणून जाहीर केला आहे, आणि 2025 मध्ये आणीबाणीला 50 वर्षं होत होती. एका सरकारी उपक्रमातून पैसे मिळणार होते : शहरातलं मोठं सभागृह, छपाईचा सगळा खर्च, उद्घाटनाला राजकीय पाहुणे. अट एकच. कॅलेंडर 1977 ला संपलं पाहिजे.

कारण गटाच्या आराखड्यात शेवटी तेविसावं पान होतं. चैत्राचं पान, पण साल नसलेलं. वर कडुनिंबाचा मोहोर, खाली सगळ्या चौकटी कोऱ्या, शेजारी दोऱ्याला बांधलेली पेन्सिल आणि एक ओळ : 'लिहायचं होतं आणि लिहिलं नाही, असं काही असेल तर इथे लिहा.' शिवाय एका विद्यार्थ्याला राज्याच्या जनसुरक्षा विधेयकावर, म्हणजे संघटनांना बेकायदा ठरवून कारवाई करण्याचे अधिकार सरकारला देणाऱ्या विधेयकावर, छोटा फलक हवा होता. ते तेव्हा विधिमंडळाच्या संयुक्त समितीपुढे होतं आणि त्यावर लोकांकडून सूचना मागवल्या गेल्या होत्या. पुढे जुलै 2025 मध्ये ते मंजूर झालं.

म्हणजे मुलांना हवी होती आजची दुर्गाबाई, आणि संस्थेला हवी होती 50 वर्षांपूर्वीची. जुन्या सत्तेविरुद्ध बोललेली बाई आजच्या सत्तेला सोयीची असते. ज्यांच्या विरुद्ध ती बोलली ते विरोधी बाकांवर असले की तिच्या धैर्याचं कौतुक करायला काही किंमत मोजावी लागत नाही. हे मी मुलांना स्पष्ट सांगितलं, आणि सत्तेतले पक्ष बदलले तरी हेच होईल, हेही सांगितलं.

पर्याय

गट तीन दिवस रोज संध्याकाळी बसला.

प्रस्ताव घ्यायचा, असं म्हणणारी मुलगी कर्ज काढून शिकत होती. तिचं म्हणणं मी इथे पूर्ण देते, कारण ते हलक्यात घेण्यासारखं नव्हतं. 22 पानं हजारो लोक बघतील. तेविसाव्या पानासाठी बावीस पानं अंधारात का ठेवायची? आणि दुर्गाबाईंनी 1971 चा साहित्य अकादमी पुरस्कार घेतला होताच की! सरकारी पैसा शिवायचाच नाही असं त्याही आयुष्यभर म्हणत नव्हत्या. 'पैस' या ललित लेखसंग्रहाला मिळालेला तो पुरस्कार आणीबाणीच्या आधीचा, हे दुसरीने निदर्शनास आणलं. पण पहिलीचा मुद्दा त्याने संपत नव्हता.

दुसरा पर्याय मधला : 22 पानं सभागृहात, तेविसावं महाविद्यालयाच्या वर्गात. याला बराच पाठिंबा होता. वस्तीतल्या मुलाने तो मोडून काढला. सभागृहातल्या माणसाला वर्गात काय आहे हे कोण सांगणार? आणि सांगितलं नाही तर अट आपण मान्य केली असंच झालं ना?

तिसरा, प्रस्ताव नाकारून काहीच न करणं. गुण मिळाले आहेत, विषय संपवा. पालकांपैकी दोघांचं हेच मत होतं.

चौथा पर्याय ग्रंथपालांच्या बोलण्यातून निघाला. वाचनालयाचा वरचा वाचनकक्ष आठ दिवस देता येईल, भाडं नाही, मात्र मासिक वाचणारे ज्येष्ठ लोक उठवायचे नाहीत. दुर्गाबाईंना ग्रंथालयात अटक झाली होती, ही गोष्ट तेव्हा कुणाला मुद्दाम सांगावी लागली नाही.

काय केलं

चौघं विरुद्ध तिघं असा निर्णय वाचनालयाच्या बाजूने झाला. विरोधात असलेल्या तिघांनी नावं काढून घेतली नाहीत, छपाईला रात्रभर तेही थांबले. व्हिनाइलवर मोठी छपाई परवडणार नव्हती. लिनोचे ब्लॉक तयार होतेच, त्यामुळे न्यूजप्रिंट कागदावर हाताने प्रती काढल्या. वर्तमानपत्रं छापायचा तो स्वस्त कागद या कामाला शोभूनही दिसला. जनसुरक्षा विधेयकावरच्या फलकात टीका न लिहिता विधेयकातली कलमं आणि त्यावरचे दोन्ही बाजूंचे आक्षेप-खुलासे शेजारी शेजारी लावले. दुर्गाबाईंचा चेहरा कुठेही नव्हता. हा आग्रह त्या कर्जवाल्या मुलीचा. पूजेची तसबीर नको, असं ती म्हणाली.

तारीखही बदलली. 25 जून 2025 ला ज्येष्ठाची अमावस्या होती. दुसऱ्या दिवशी, आषाढ शुद्ध प्रतिपदेला प्रदर्शन उघडलं. 26 जून ही राजर्षी शाहूंची जयंती. वाचनालयात सकाळी तिचा कार्यक्रम असतो, आणि त्यासाठी आलेली माणसं जिना चढून थेट वर आली.

रिकाम्या चौकटीत काय आलं

पहिल्या दिवशी लोक लिहायला बिचकत होते. दुसऱ्या दिवसापासून चौकटी भरू लागल्या. एकाने लिहिलं : 'टँकर येत नाही हे गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं. फोन आला, काढून टाकलं.' एका शिक्षिकेने शाळाबाह्य कामांबद्दल लिहिलं. कुणी सासरबद्दल, कुणी मार्कांबद्दल. सत्ता म्हणजे फक्त दिल्ली-मुंबईची नाही, हे त्या पानावर न सांगता दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी एका चौकटीत एका नेत्याच्या आईवरून शिवी आली. ग्रंथपाल घाबरले, आणि त्यांचं घाबरणं रास्त होतं. वाचनालयाला अनुदान आहे, इमारत नगरपालिकेची आहे. खोडायचं की ठेवायचं? सेन्सॉरवरच्या प्रदर्शनात आपणच सेन्सॉर व्हायचं का, यावर मुलं अक्षरशः रडकुंडीला आली. मी मत द्यायचं टाळलं. दोन तासांनी त्यांनी ठरवलं : खोडायचं, पण खोडल्याची खूण ठेवायची आणि शेजारी कारण व स्वतःच्या सह्या ठेवायच्या. 'इथला मजकूर आम्ही खोडला. त्यात एका बाईला शिवी होती, जिचा या वादाशी संबंध नाही. नेत्यावरची टीका तशीच ठेवली आहे.' खाली सात सह्या. खोडणाऱ्याने नाव लावून कारण द्यावं, हे 1975 च्या सेन्सॉरकडून कुणाला मिळालं नव्हतं. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातलं दुर्गाबाईंच्या सगळ्यात जवळ जाणारं काम ते होतं, आणि ते आराखड्यात कुठेच नव्हतं.

निष्पत्ती

प्रदर्शन आठही दिवस चाललं. सभागृहात आले असते त्याहून माणसं कमी आली, यात शंका नाही. आलेली मात्र थांबली, बसली, टेबलावरची पुस्तकं उघडून वाचत राहिली. महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात या प्रदर्शनाचा उल्लेख नाही. सरांना पुढच्या वर्षी आधीच्या निम्म्या तासिका मिळाल्या. लेखी कारण दिलं गेलं नाही, त्यामुळे याचा संबंध प्रदर्शनाशी होता असं मी ठामपणे म्हणणार नाही.

पुन्हा करायचं तर

सगळ्यात आधी, धोका कुणाचा आहे हे पहिल्याच आठवड्यात कागदावर यायला हवं. मुलं गुण घेऊन बाहेर पडतात, बाहेरचा मार्गदर्शक घरी जातो. मागे राहतो तासिकेवरचा शिक्षक आणि अनुदानावरचं वाचनालय. मतदान सात विद्यार्थ्यांनी केलं, त्यात सरांचं आणि ग्रंथपालांचं मत मोजलं गेलं नाही. विद्यार्थ्यांना निर्णय घेऊ देणं योग्यच, पण ज्यांची रोजीरोटी त्यात आहे त्यांना नकाराधिकार हवा होता.

हक्कांची पत्रं विषय ठरताच, जानेवारीतच पाठवायला हवीत. एखादा सलग उतारा भिंतीवर असता तर नवख्या प्रेक्षकाला दुर्गाबाईंचा आवाज ऐकू आला असता. टेबलावरची पुस्तकं सगळेच उघडत नाहीत.

आणि फळ्यावरचं ते वाक्य. 25 जून ते 21 मार्च हा साचा पक्का झाल्यावर ज्यांच्या आयुष्यात त्या तारखांनी फार फरक पडला नाही त्यांना कॅलेंडरमध्ये जागा कमीच उरली. ते वाक्य तेविसाव्या पानाशेजारी लावलं होतं, पण ते पहिल्या पानाआधी हवं होतं असं तो मुलगा आजही म्हणतो. गटातल्या इतरांना ते पटलेलं नाही. त्यांच्या मते आधी ठेवलं असतं तर आणीबाणीचं गांभीर्य कमी झालं असतं. ब्लॉक वाचनालयाच्या कपाटात आहेत, आणि यंदाच्या वर्गाने नव्या क्रमाने पुन्हा छापायला ते मागितले आहेत.